परक्या गावात वीट रचताना
(अभ्यासलेख)



या वेळच्या अभ्यासलेखाची सुरुवात दोन शब्दांपासून करू. एक 'बिगारी' आणि दुसरा 'स्वयंसेवक'.

बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली पाट्या उचलणारा, वाळू चाळणारा, माल कालवणारा माणूस म्हणजे बिगारी. हा शब्द आपल्याकडे फारसीतल्या 'बेगार'वरून आला. बेगार म्हणजे मोबदला न देता करून घेतलेलं काम. त्याला 'वेठ' हा शब्द जोडला, की 'वेठबिगार' तयार होतो. आपल्या राज्यघटनेच्या २३व्या कलमाने बेगार निषिद्ध ठरवली आणि १९७६ साली वेठबिगार पद्धती बंद करणारा कायदा झाला. आजच्या बिगाऱ्याला हजेरी मिळते. शब्द जुना राहिला आणि त्यातला अर्थ बदलला.

आता स्वयंसेवक बघा. हाही पाट्या उचलतो आणि यालाही पैसे मिळत नाहीत. लांबून पाहिलं तर जुना बिगारी आणि आजचा स्वयंसेवक यांच्यात काहीच फरक दिसत नाही. फरक आहे तो 'स्वयं' या दोन अक्षरांत. काम करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवलं आहे.

पण इथे एक प्रश्न उरतोच, आणि आजचा सगळा लेख त्या प्रश्नाभोवती आहे. काम करणाऱ्याने स्वतःहून ठरवलं, हे चांगलंच. पण ज्याच्या गावात ते काम चाललं आहे, त्याने काय ठरवलं? 'श्रमदान' या शब्दात दान आहे. दान म्हटलं की देणारा आला आणि घेणाराही आला. देणाऱ्याला आपण 'स्वयं' म्हणतो. घेणाऱ्याच्या 'स्वयं'ची चौकशी कोण करतं?

हा विषय आत्ताच का?

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा माझ्याकडे एक रंगीत माहितीपत्रक घेऊन आला. पूर्व आफ्रिकेतल्या एका गावात दोन आठवडे राहायचं, शाळेच्या इमारतीच्या बांधकामात हात लावायचा आणि शेवटचे तीन दिवस अभयारण्य बघायचं. विमानभाड्यासकट खर्च दोन लाखांच्या वर. वडिलांची ठेव मोडायची तयारी होती. त्याला माझ्याकडून शिफारसपत्र हवं होतं.

"मॅडम, सही कराल ना? महिनाअखेरीच्या आत पाठवायचंय."

मुलगा चांगला आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यात पुराने मातीची घरं बसली, तेव्हा तो शाळेत होता; पण मोठ्या भावाबरोबर गाळ काढायला गेला होता. त्याच्या मनातली इच्छा खोटी नाही. म्हणून 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात सांगून मोकळं व्हावं, असं मला वाटेना. मी त्याला म्हटलं, "बस जरा. तुझ्याआधी असं काम करायला परदेशी कोण कोण गेलं, ते आधी बघू या." पुढचे काही शनिवार आम्ही तेच बघितलं. आमच्या त्या वाचनाचा हा गोषवारा.

शंभर वर्षांपूर्वीचं एक शिबिर

विद्यार्थ्यांनी आणि तरुणांनी परदेशात जाऊन बांधकाम करण्याची आजची पद्धत जिथून सुरू झाली असं मानतात, ती जागा फ्रान्समध्ये आहे. १९१६ साली व्हर्दंची लढाई दहा महिने चालली. आजूबाजूची खेडी तोफांनी अक्षरशः भुईसपाट झाली. १९२० साली तिथल्या एका उद्ध्वस्त खेड्यात एक छोटी तुकडी आली. तिचा पुढारी होता पिएर सेरेसोल. हा स्विस इंजिनिअर. याचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. ख्रिस्ताला मानणाऱ्याने बंदूक धरू नये, असं त्याचं म्हणणं होतं. लष्करी कर भरायला त्याने नकार दिला आणि त्यासाठी तो पुढे अनेकदा तुरुंगात गेला.

त्या तुकडीत वेगवेगळ्या देशांची माणसं होती आणि त्यांत जर्मनही होते. ही गोष्ट महत्त्वाची. कालपर्यंत ज्यांच्या तोफांनी ते गाव पाडलं, त्यांच्याच देशातली माणसं आता तिथे तात्पुरती लाकडी घरं उभारत होती, खड्डे बुजवत होती. पण जर्मन माणसं तिथे असणं स्थानिक कारभाऱ्यांना रुचलं नाही. काही महिन्यांनी काम थांबवावं लागलं.

आमच्या अभ्यासवर्गात इथे बराच वाद झाला. एक मुलगी म्हणाली, "गावकऱ्यांनी कृतघ्नपणा केला." दुसरीने विचारलं, "ज्या घरातला मुलगा युद्धात मेला, त्या घराच्या दारात रोज जर्मन बोली ऐकू आली तर?" मला दुसरीचं म्हणणं जास्त पटलं. मदत करणाऱ्याचा हेतू शुद्ध असला, तरी गावाच्या मनात त्याच्याबद्दल काय आहे ते वेगळंच असू शकतं. पहिल्याच शिबिराने हा धडा दिला.

पुढे या चळवळीचं नाव 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' असं पडलं. १९२७ साली ऱ्हाइन नदीचा बांध फुटून लिश्टेनस्टाइन या चिमुकल्या देशात पूर आला. शेतात दगडगोटे आणि गाळ साचला. दुसऱ्या वर्षी अनेक देशांतून मिळून सातशेच्या आसपास स्वयंसेवक तिथे आले, त्यांत विद्यार्थीही होते. त्यांनी फावड्यांनी शेतं मोकळी केली. या कामाला वेगळं कौशल्य लागत नव्हतं, माणसं लागत होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सेरेसोल बिहारमध्ये, स्वयंसेवक आनंदवनात

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. सेरेसोल आणि गांधीजी यांची भेट त्याआधी, १९३१ साली गांधीजी स्वित्झर्लंडला गेले तेव्हा झाली होती. भूकंपाची बातमी कळल्यावर सेरेसोल भारतात आला. बिहारमधल्या मदतकार्याची धुरा राजेंद्रप्रसादांकडे होती. सेरेसोलने आधी पाहणी केली, परत गेला आणि मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन पुन्हा आला. मुजफ्फरपूरच्या बाजूला पुराच्या पाण्यात जाणाऱ्या वस्त्या उंच जागेवर नव्याने वसवण्याच्या कामात ही माणसं राबली. लिश्टेनस्टाइनला सातशे जण आले होते. बिहारमध्ये मात्र बोटांवर मोजता येतील इतकेच आले. का? कारण बिहारमध्ये हातांची कमतरता नव्हती. तिथे कमतरता होती ती जागा, पैसा, आखणी आणि गावाशी व सरकारशी बोलून काम पुढे रेटणारी माणसं यांची. अशा ठिकाणी युरोपातून सातशे फावडी आणून काय करणार?

या चळवळीचा आपल्या मराठी मुलखाशी थेट संबंध आला तो वरोऱ्याजवळच्या आनंदवनात. बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांना घेऊन माळरानावर वसाहत सुरू केली होती. त्या काळी कुष्ठरोग्याच्या जवळ उभं राहायलासुद्धा लोक कचरत. पन्नासच्या दशकात 'सर्व्हिस सिव्हिल'चे परदेशी तरुण तिथे आले, राहिले आणि आनंदवनाच्या सुरुवातीच्या पक्क्या इमारतींच्या बांधकामात त्यांनी हात लावला.

या घटनेकडे मी दोन बाजूंनी बघते. एक, भिंतीची बाजू. चार भिंती तर वरोऱ्याच्या गवंड्यांनीही बांधल्या असत्या. पण त्या काळी कुष्ठरोग्यांच्या वस्तीत मुक्काम ठोकून, त्यांच्या शेजारी उभं राहून विटा द्यायला माणसं मिळणं हीच अडचण होती. तिथे परक्या माणसाचं नुसतं येणं आणि राहणं हेच काम होतं. दुसरी बाजू म्हणजे त्यानंतरची. आनंदवन त्या पाहुण्यांवर थांबलं नाही. विहिरी खणणं, बांधकाम, शेती, विणकाम हे सगळं तिथल्या रोग्यांनी आणि बऱ्या झालेल्या माणसांनी स्वतःच्या हातांत घेतलं. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीपासून बाबांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली आणि आपल्याच मुलांना तिथे राबायला बोलावलं. त्या छावणीच्या नावात 'दान' नाही, 'संस्कार' आहे. मुलं काही द्यायला येत नाहीत, घ्यायला येतात, हे नावातच कबूल केलेलं. मराठीच्या विद्यार्थ्यांनी हा शब्द जरूर टिपून ठेवावा.

एका धर्मगुरूचा विरोध

आता उलट बाजू. हा विषय अभ्यासायचा तर इव्हान इलिच वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इलिच व्हिएन्नात जन्मलेला, कॅथलिक धर्मगुरू, मेक्सिकोतल्या कुएर्नावाका शहरात अभ्यासकेंद्र चालवणारा. २० एप्रिल १९६८ रोजी त्याच्यासमोर अमेरिकेतले विद्यार्थी बसले होते. सुट्टीत मेक्सिकोतल्या खेड्यांत जाऊन सेवा करणाऱ्या एका संघटनेची ती परिषद होती. वक्ता म्हणून बोलावलेल्या माणसाने कौतुकाचे दोन शब्द बोलावेत, अशी रीत असते. इलिचने त्या मुलांना तोंडावर सांगितलं की तुम्ही येऊ नका.

त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: तुम्ही चांगल्या मनाने येता, पण तुमच्याबरोबर तुमची जगण्याची पद्धतही येते आणि गरीब माणसाला ती 'तू कमी आहेस' असंच सांगत राहते. प्रवास करा, डोंगर बघा, शिका, पण मदत करायला म्हणून येऊ नका. आणि काम करायचंच असेल तर आपल्याच देशातल्या गरिबांमध्ये करा. तिथे निदान एक सोय आहे. त्यांना तुम्ही नको असाल तर ते तुमच्याच भाषेत तुम्हाला तसं सुनावतील आणि तुम्हाला ते कळेल.

भाषणातला हा शेवटचा मुद्दा वाचून मी बराच वेळ थांबले. इलिचने सेवेचा प्रश्न भाषेवर आणून ठेवला. ज्या गावाची भाषा मला येत नाही, त्या गावातली माणसं माझ्याकडे बघून हसतात तेव्हा ते स्वागत आहे की चेष्टा, हे मला कसं कळणार? 'नको' हा शब्द ज्याला ओळखता येत नाही, त्याला 'हो' तरी कसा ओळखता येईल?

आपण बेळगावची माणसं. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत इंग्रजी. एकाच वाक्याचा सूर भाषेबरोबर कसा बदलतो, ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. 'बघू या की' हे आपल्याकडे होकारही असतं आणि सभ्य नकारही. हे दोन आठवड्यांच्या पाहुण्याला कोण समजावून सांगणार?

इलिच संपूर्ण बरोबर आहे असं मात्र मला वाटत नाही. तो म्हणतो तसं सगळेच घरी बसले असते, तर पन्नासच्या दशकात आनंदवनात परदेशातून कोणी आलं नसतं. म्हणून आम्ही असं एक उदाहरण शोधलं, ज्यात विद्यार्थी परदेशी गेले, बांधलं, आणि तरीही इलिचच्या आक्षेपाला काहीतरी उत्तर दिलं.

रुद्रापूरची मातीची शाळा

बांगलादेशच्या वायव्येला दिनाजपूर जिल्हा आहे. तिथल्या रुद्रापूर या खेड्यात 'दीपशिखा' ही बांगलादेशी संस्था काम करते. १९९७ साली आना हेरिंगर नावाची एकोणीस-वीस वर्षांची जर्मन मुलगी स्वयंसेवक म्हणून या संस्थेकडे आली आणि जवळजवळ वर्षभर राहिली. या काळात तिने शाळा बांधली नाही. तिने गाव आणि संस्थेचं काम बघितलं.

मग ती ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात वास्तुकला शिकायला गेली. २००२ साली सहकारी विद्यार्थ्यांना घेऊन ती रुद्रापूरला परत आली, आणि त्यांनी गावाचा अभ्यास केला: घरं कशाची आहेत, कोण काय काम करतं, कोणतं साहित्य जवळ मिळतं. त्यातून तिचा पदवीचा प्रकल्प उभा राहिला, दीपशिखाच्या शाळेची इमारत. प्रत्यक्ष बांधकाम झालं २००५च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये. तांत्रिक बाजू बर्लिनचा वास्तुविशारद आइके रोसवाग याने सांभाळली. २००७ साली या शाळेला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

तारखा पुन्हा वाचा. पहिलं पाऊल १९९७ साली, पहिली भिंत २००५ साली. मध्ये आठ वर्षं गेली.

आता भिंत कशी बांधली ते बघू, कारण या लेखातला खरा धडा तिथेच आहे. ज्यांच्या आजोळी मातीचं घर आहे त्यांना हे पटकन कळेल. मातीच्या भिंतीचे शत्रू दोन. वरून येणारा पाऊस आणि खालून चढणारी ओल. रुद्रापूरच्या भागात मातीची घरं पूर्वापार आहेत, पण त्यांना पक्का पाया नसायचा आणि ओल अडवायची सोय नसायची. त्यामुळे भिंती खालून खचत, वरचेवर दुरुस्ती लागे, आणि 'माती म्हणजे गरिबाचं घर' अशी समजूत घट्ट झाली होती. पैसा हातात आला, की लोकांना विटा, सिमेंट आणि पत्रा हवा असायचा.

विद्यार्थ्यांनी माती बदलली नाही, तिच्या खालची आणि वरची बाजू बदलली. विटांचा पाया घातला. पायावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरून ओल अडवली. मातीत भाताचा पेंढा मिसळला, म्हणजे सुकताना भेगा कमी पडतात. हा चिखल तुडवायला म्हशी आणि गाई होत्या. साचा न लावता हातानेच चिखलाचा साधारण दोन फुटांचा थर रचायचा, तो थोडा सुकला की धारदार फावड्याने बाजू सरळ तासायच्या आणि पुरता वाळला की त्यावर पुढचा थर. खालचा मजला असा जाड मातीचा, तर वरचा मजला बांबूचा, हलका आणि वारा खेळता. त्यावर बाहेरपर्यंत आलेलं पत्र्याचं छप्पर, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. वर्गांच्या मागच्या बाजूला जाड मातीत गुहेसारख्या गोल जागा ठेवल्या, मुलांनी आत शिरून बसावं, वाचावं म्हणून.

यात कोण कुणाला शिकवत होतं? पाया, ओल अडवणं, बांबूचे जोड आणि तुळया कशा बांधायच्या, हे बाहेरून आलेल्यांनी दाखवलं. पण त्या मुलखातली माती, तिथले बांबू, जनावरांकडून चिखल तुडवून घेणं आणि उन्हापावसाचा अंदाज हे गावातल्या कारागिरांना ठाऊक होतं. आपल्याकडे गवंड्याच्या हाताखालचा 'बिगारी' आणि शाळेतली पहिली पायरी 'बिगरी' हे शब्द ऐकायला जवळजवळ सारखे लागतात. रुद्रापूरला दोन्ही बाजूंना आळीपाळीने बिगरीत बसावं लागलं.

पैशाचा हिशेबही वेगळा. सिमेंट, लोखंड, पत्रा विकत घेतला की पैसा गावाबाहेर जातो. माती गावचीच, बांबू जवळपासचा, आणि सगळ्यांत जास्त लागतात ते हात. म्हणजे खर्चातला मोठा वाटा मजुरीच्या रूपाने गावातच राहतो. मातीत बांधायचं हे हेरिंगरने नुसतं सौंदर्यासाठी ठरवलं नव्हतं, त्यामागे हा विचार होता.

आणि यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शाळेनंतर रुद्रापूरमध्ये काही कुटुंबांची दुमजली मातीची घरं बांधली गेली. त्या कामात लिंझच्या विद्यार्थ्यांबरोबर ढाक्याच्या ब्रॅक विद्यापीठाचे विद्यार्थी होते. परक्या देशातल्या मुलांना गावाची भाषा येत नसली, तरी त्या देशाची मुलं आता सोबत होती. पुढे त्याच गावात अपंग व्यक्तींसाठीचं केंद्र आणि स्त्रियांच्या शिवणकामाची जागा अशी एक वळणदार मातीची इमारत झाली. तिला २०२० साली ओबेल पुरस्कार मिळाला. या वेळी बांधकामाची सूत्रं स्थानिक ठेकेदाराच्या हातात होती आणि राबणारी माणसं तिथलीच होती. त्या इमारतीचं नाव 'आनंदालय'. आनंदवन आणि आनंदालय या दोन नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्हीकडे घडलेली गोष्ट एकाच जातीची आहे. बाहेरची माणसं आली, त्यांनी हात लावला, आणि नंतर त्यांच्यावाचूनही काम पुढे चालू राहिलं.

हिशेब मांडून पाहू

आता माहितीपत्रकाकडे वळू. आमच्या भागात गवंड्याची दिवसाची हजेरी साधारण हजार रुपये धरली, तर दोन लाख म्हणजे एका गवंड्याचे दोनशे दिवस. दोन आठवड्यांत एक विद्यार्थी, ज्याने आयुष्यात ओळंबा धरलेला नाही, तो किती भिंत बांधेल? आणि जी बांधेल ती सरळ असेल का? माझे वडील गवंडीकाम करत. ते म्हणायचे, की नवशिक्याची पहिली भिंत उतरवायलाच बांधलेली असते. घरी ते चालतं. जी भिंत उद्या मुलांच्या डोक्यावर छप्पर धरणार, तिथे चालत नाही.

यावर त्या मुलाने मला एक प्रामाणिक उत्तर दिलं. तो म्हणाला, "मॅडम, ते दोन लाख मी गवंड्याला थोडेच देणार होतो? मी गेलो नाही, तर ते बँकेतच राहणार. मग गावाचं नुकसान काय?" हा मुद्दा टाळता येत नाही. तो गेला तर निदान काही पैसा तिथे पोचेल, आणि त्याच्या डोळ्यांनी जग बघितलं जाईल. पण या उत्तरात एक गोष्ट त्यानेच कबूल केली आहे. हा खर्च त्याच्या शिक्षणाचा आहे. मग त्याला शिक्षणच म्हणावं. पत्रकावर 'गावाला शाळा द्या' असं लिहू नये. सोमनाथच्या छावणीने 'संस्कार' हा शब्द वापरून जो सरळपणा दाखवला, तेवढा तरी दाखवावा.

मी त्याला म्हटलं, आयोजकांना चार प्रश्न लिहून पाठव. ही शाळा कुणी मागितली? तुम्ही नसता तर तेच काम गावातल्या कुणाला मजुरीवर मिळालं असतं का? मुख्य गवंडी कोण आणि आम्ही कुणाच्या हाताखाली काम करायचं? आम्ही परत गेल्यावर इमारतीची दुरुस्ती कोण करणार?

आठवड्याने उत्तर आलं. विमा, लस, जेवण आणि खोल्या यांची माहिती सविस्तर होती. चार प्रश्नांपैकी एकाचंच उत्तर होतं. काम 'तुकडीच्या आवडीनुसार' दिलं जाईल, म्हणजे रंगकाम, विटा किंवा मुलांबरोबर खेळ. भाषेची गरज नाही, असंही लिहिलं होतं.

मी माझं मत त्याला स्पष्ट सांगितलं. या कामाला जाऊ नकोस. जिथे काम काय आहे हे पाहुण्याच्या आवडीवर ठरतं, तिथे ते काम गावाचं नाही. पण तो सज्ञान आहे, ठेव त्याच्या घरची आहे, आणि मुलगा म्हणून त्याच्याबद्दल मला चांगलंच लिहायचं आहे. तो तरीही जायचं म्हणाला, तर मी पत्र देणार. त्यात त्याच्या मेहनतीबद्दल लिहीन, 'हा बांधकाम जाणतो' असं लिहिणार नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा त्याची मुदत संपायला आठ दिवस असतील. त्याचा निर्णय अजून झालेला नाही. लेखाचा कच्चा खर्डा त्याला आधीच वाचायला दिला होता आणि त्याच्या परवानगीनेच हे छापतो आहोत.

परदेशी जाऊच नये, असा या लेखाचा अर्थ कृपया काढू नका. व्हर्दं, बिहार, वरोरा, रुद्रापूर या चार गावांवरून मला एवढं दिसतं: जिथे हातच कमी आहेत तिथे हात घेऊन जा. जिथे कुणी जवळ जात नाही तिथे राहायला जा. जिथे एखादं कौशल्य नाही आणि ते तुमच्याकडे खरोखर आहे, तिथे ते मागे ठेवायला जा. आणि यांतलं काहीच नसेल तर शिकायला जा, तसं सांगून जा आणि शिकवणाऱ्याला त्याची फी द्या.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'सेवा', 'श्रमदान', 'श्रमसंस्कार', 'मदत' या चार शब्दांत देणारा कोण आणि घेणारा कोण, ते प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.

२. १९२०च्या शिबिरातले जर्मन स्वयंसेवक आणि त्या खेड्यातली एखादी विधवा यांच्यातला संवाद लिहा. दोघांपैकी कुणालाही खलनायक करू नका.

३. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराला वरचे चार प्रश्न लावून पाहा. मागच्या शिबिरात आपण जो बंधारा घातला तो आज कसा आहे, हे त्या गावी जाऊन बघून या आणि मगच उत्तर लिहा.

४. इलिचच्या भाषेच्या मुद्द्याला तुमच्या गल्लीतलं एखादं उदाहरण द्या: दुसऱ्या भाषेतला 'नको' तुम्हाला कळला नाही असा प्रसंग.

तिसऱ्या प्रश्नासाठी येत्या रविवारी सकाळी सात वाजता महाविद्यालयाच्या फाटकाशी जमायचं आहे. एसटीने जाऊ. डबा आणि वही आणा. फावडी आणायची गरज नाही, या वेळी आपण फक्त बघायला आणि विचारायला चाललो आहोत.